अवघड जागेचं दुखणं आणि बहीण नर्स

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. आधी चांगली बातमी सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला तुला बळ येईल. माझी सुनावणी मेच्या अखेरीला लागली आहे. तोवर माझ्या नावावर मारामारीची नोंद झाली नाही तर उरलेली दोन वर्षं माफ होतील, असं मोठ्या साहेबांनी स्वतः सांगितलं. म्हणजे जूनमध्ये मी घरी. आईला सांग, त्या थकलेल्या हृदयाला म्हणावं अजून थोडी कळ काढ, लेक येतोय.

आता दुसरी बातमी. परवा मी वेल्डरला मारलं.

आमचे पलंग दोन मजली आहेत, वर मी आणि खाली वेल्डर. बाहेर वेल्डिंग करायचा, ठेकेदाराचा जबडा मोडून आत आला. त्याच्या पंजात माझं डोकं मावेल एवढा माणूस. आम्ही दोघंही इथल्या लॉन्ड्रीत कामाला आहोत. मी ओल्या चादरीला पीळ घातला आणि त्या पिळाने त्याच्या तोंडावर हाणलं. ओली चादर काठीपेक्षा वाईट लागते. त्याचा ओठ फाटून आतले दात दिसायला लागले. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला आणि मी सकाळचं सगळं त्याच्याच पायांवर ओकलो. नोंद हवालदाराने डोळ्यांनी बघितलं तरच होते. त्याची पाठ होती म्हणून वाचलो, नाहीतर सुनावणी तिथेच खलास झाली असती.

मारलं कशासाठी, तर तो हसला म्हणून. आणि हसला कशाला, ते तुला सांगायची लाज वाटते. पण तू नर्स आहेस म्हणून सांगतो, बहीण आहेस म्हणून नाही. (पत्र वाचणाऱ्या साहेबांना विनंती : जेवायचं बाकी असेल तर हे पत्र नंतर वाचा.) मला संडासच्या जागी खाज सुटते. दोन महिने झाले. दिवसा कामात विसरायला होतं, पण दिवे गेले की असं वाटतं की तिथे कोणी निखारा ठेवून फुंकर मारतंय. मी खाजवतो, पलंग हलतो, आणि खालून वेल्डर सगळ्या बराकीला ऐकू जाईल असं विचारतो, "वर कोण रे करवत चालवतंय?"

मी काही घाणेरडा नाही, ताई. उलट दिवसातून चार वेळा धुतो. लॉन्ड्रीतला कडक साबण लावतो, गरम पाणी घेतो, वर कपड्यांच्या ब्रशने घासतो. जेवढं घासावं तेवढी जास्त सुटते. झोप नाही. झोप नसली की माझे हात शिवशिवतात, तुला माहीत आहे. मेपर्यंत असंच चाललं तर मी कोणाचा तरी जीव घेईन. काहीतरी सांग.

तुझा,
धाकटा

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. आपल्या घरच्या जावयाचा गुडघा तूच हातोडीने फोडून ठेवलास, तेव्हा आता बहीण नर्स आहे तिच्यावर भागव. तो मला मारायचा म्हणून तू त्याला मारलंस. आज तो लंगडतो, तू आत आहेस आणि मी एकटी आईचं बघते. त्यात कोणाचं काय भलं झालं ते मला अजून कळलेलं नाही. पुन्हा कोणावर हात उचललास तर मी स्वतः येऊन तो हात उपटून नेईन.

आता नीट वाच. कपड्यांच्या ब्रशने घासलंस? अरे, ती माणसाची कातडी आहे की सतरंजी? तुझा साबण हेच तुझं दुखणं असणार. आमच्याकडे या तक्रारीची जी माणसं येतात त्यातली निम्मी अस्वच्छतेने नाही, अति स्वच्छतेने आलेली असतात. साबणाने तिथली नाजूक कातडी कोरडी पडते, चिरते, मग खाज सुटते. माणसाला वाटतं घाण राहिली, म्हणून तो आणखी घासतो. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच.

आजपासून तिथे साबण बंद. नुसतं कोमट पाणी, आणि मऊ कपड्याने टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. वाफेच्या खोलीत दिवसभर घामाने भिजलेली चड्डी घालून उभा राहतोस ना? ती दुपारी बदल. सैल आणि सुती घाल. नखं मुळापासून काप. झोपेत हात जातोच, म्हणून हातात मोजे घालून झोप. चहा आणि तिखट निम्मं कर, त्यानेही काहींना होते. खाज असह्य झाली तर थंड पाण्याची घडी ठेव.

आता माझ्या प्रश्नांची खरी उत्तरं दे. बराकीत आणखी कोणाला आहे का? बारीक पांढरे जंत असले तर ते दिवे गेल्यावरच छळतात आणि मग एकाला औषध देऊन भागत नाही, सगळ्यांना द्यावं लागतं. शौचाला जाताना कापल्यासारखं दुखतं का? तर ती चीर. कोंब बाहेर येतो का? तर मूळव्याध. आजूबाजूला लाल कडेचा चट्टा आहे का? तर बुरशी, तिला मलम आहे. सारखी तहान लागते, लघवीला होते? तर साखर तपासायला हवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : रक्त जातं का, गाठ लागते का, पू येतो का, वजन उतरलंय का, शौचाची सवय बदलली आहे का? यातलं एकही असलं तर हे पत्र फाड आणि डॉक्टरकडे जा. नसलं, तरी दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर जाच.

आई रोज मागच्या खोलीचं दार उघडून बघते आणि तुझी खाट कुठे लावायची ते मला सांगते. तुला तिथे भेटायला येणार नाही म्हणते. "त्या कपड्यात मला त्याला बघायचं नाही, घरी येईल तेव्हा बघेन." तेव्हा घरी ये.

ताई

२ मार्च

ताई,

रक्त नाही, गाठ नाही, पू नाही, चट्टा नाही. दुखत नाही आणि तहानही लागत नाही. साबण बंद केला. पहिले तीन दिवस वाटलं तुला जाऊन चावावं. मग एक दिवस पहाटे जाग आली आणि लक्षात आलं की मी झोपलो होतो. सबंध रात्र. मी पलंगावर बसून रडलो, खोटं कशाला सांगू.

पण मोज्यांनी घात केला. झोपताना हातात मोजे घालणारा माणूस तुरुंगात लपत नाही. वेल्डरने जेवणाच्या रांगेत सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. मी बाहेर काही केलं नाही, सुनावणी डोळ्यांसमोर धरली. पण लॉन्ड्रीत आम्ही दोघंच राहिलो तेव्हा त्याच्यावर धावून गेलो. त्याने माझी मान धरून डोकं कपड्यांच्या टाकीत बुडवलं. गरम सोड्याचं पाणी डोळ्यांत, नाकात. हातपाय मारता मारता डोकं वर आलं आणि तोंडाला त्याचा कान लागला, तो मी चावला. तुकडा निघाला नाही, पण थोडक्यात राहिला. त्याने सोडलं तेव्हा आम्ही दोघं फरशीवर धापा टाकत पडलो होतो.

हवालदार आला. मला वाटलं, संपलं. वेल्डर कानावर फडकं दाबून म्हणाला, "घसरलो साहेब. फरशी ओली आहे." का म्हणाला कोण जाणे. नोंद झाली नाही.

डॉक्टरकडे मी गेलो नसतोच, ते तुला आता सांगतो. इथे रोज सकाळी पटांगणात सगळ्यांना उभं करतात आणि ज्यांना डॉक्टरकडे जायचं असेल त्यांचं नाव आणि तक्रार हवालदार मोठ्याने वाचतो. खोटे आजारी गळावेत म्हणून ही पद्धत. त्या जागेची तक्रार पुकारली गेली की या बायकांशिवायच्या गावात त्याचा एकच अर्थ काढतात, आणि मग त्या माणसाला कोणी माणूस समजत नाही. दुखापत झालेल्याचं मात्र पुकारत नाहीत. डोकं फुटलं, हाड मोडलं, की सरळ गाडीत घालून बाहेरच्या मोठ्या इस्पितळात. म्हणून इथे डोकं फुटलेलं परवडतं.

धाकटा

१० मार्च

धाकट्या,

बरं वाटतंय हे वाचून जीव भांड्यात पडला. कानाचं वाचून पुन्हा बाहेर आला. सहा सुती चड्ड्या पाठवते आहे, एक माप मोठ्या. साहेब, मोजून घ्या, सहा आहेत.

वेल्डरशी भांडू नकोस. त्याने तुझी सुनावणी वाचवली. आणि जो माणूस दुसऱ्याच्या खाजेला एवढा हसतो ना, त्याचं काहीतरी असतं. खाई त्याला खवखवे.

आईचे पाय सुजलेत. जिने उतरणं आता जमत नाही. डॉक्टर वर्षाच्या पुढचं काही बोलत नाहीत. मी तिला जून जून म्हणत राहते, ती त्यावर जगते.

ताई

१४ एप्रिल

ताई,

मी ठणठणीत आहे. खाज पार गेली. पण एक विचारायचं आहे. इथे एकजण आहे. नाव सांगत नाही, कारण साहेब वाचतात आणि साहेबांचा कारकून बोलतो. माझं बरं झालेलं बघून त्याने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ती साबणाची गोष्ट परत सांग." मी सांगितली. त्याने महिनाभर सगळं केलं. काही फरक नाही.

त्याला वर्ष झालं. खाज आहे, पण आता दुखतंही. शौचाला रक्त जातं, कधी नुसतंच चड्डीला लागतं. आणि कडेला काहीतरी कडक लागतं म्हणतो, वाटाण्याएवढं. आधी वाटाण्याच्या डाळीएवढं होतं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत त्याने. तो म्हणतो मूळव्याध आहे, बापालाही होती.

त्याला काय सांगू? लवकर लिही.

धाकटा

१९ एप्रिल

धाकट्या,

बारा वर्षं वॉर्डात काढली मी. या तक्रारीचा एकही पुरुष स्वतःसाठी आलेला बघितला नाही. सगळे मित्रासाठी येतात. मित्राला रक्त जातं, मित्राला गाठ आहे, आणि विचारताना हे टेबलाला धरून उभे, कारण बसवत नाही! मला "एकजण" सांगतोस? मी तुला अंघोळ घातली आहे.

"ठणठणीत आहे" म्हणे. चोराच्या मनात चांदणं. पटांगणात नाव पुकारतील म्हणून तू मरायला निघालास आणि मला कोड्यात पत्रं लिहितोस. रक्त, वाढणारी गाठ, उतरलेलं वजन. ही मूळव्याध असेलही, पण नसली तर तिचं नाव वेगळं आहे आणि ते मी इथे लिहीत नाही. हे मलमाचं काम नाही. तिथला तुकडा काढून तपासावा लागतो. लवकर सापडलं तर बहुतेक माणसं बरी होतात, आणि लाजत बसली ती मरतात. मी मरताना पाहिली आहेत.

तुझ्यावर माझा विश्वास नाही. मी आजच मोठ्या साहेबांना आणि तुरुंगाच्या डॉक्टरांना सख्खी बहीण म्हणून अर्ज केला आहे की माझ्या भावाची सक्तीने तपासणी करावी. हवं तर मला शिव्या घाल.

ताई

६ मे

ताई,

तुझा अर्ज पोचला. काय झालं ते ऐक.

सोमवारी पटांगणात हवालदाराने वाचलं, "गुदद्वाराची तपासणी, बहिणीच्या अर्जावरून." चारशे माणसं हसली. त्यांच्यामधून मी चालत गेलो. डॉक्टरने तपासलं. माणूस चांगला आहे, पण खोलीला पडदा नाही आणि हवालदार दारात. त्याला काहीच सापडलं नाही. कातडी साफ आहे म्हणाला, आणि बहीण काळजी करते म्हणून नशीबवान आहेस म्हणाला.

संध्याकाळी लॉन्ड्रीत तिघे आले. मला चादरींच्या ढिगावर पालथं पाडलं. एक मानेवर बसला, एकाने पाय धरले, तिसरा चड्डी ओढत म्हणाला, "बघू दे आम्हालाही, काय रोग आहे." मी ओरडलो ते सगळं चादरीत गेलं. मग मानेवरचं वजन एकाएकी उडालं. वेल्डर होता. त्याच्या हातात लोखंडी बादली होती. पहिल्याचे पुढचे दात फरशीवर सांडले, शर्टाची बटणं सांडावीत तसे. दुसऱ्याचा हात त्याने तापलेल्या इस्त्रीच्या पत्र्याखाली दाबून धरला आणि शांतपणे उभा राहिला. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. तिसरा पळाला.

हवालदार आले तेव्हा मीही उठलो होतो, माझ्याही हाताला रक्त होतं. वेल्डर म्हणाला, "हा झोपला होता. सगळं मी केलं." त्याला अंधारकोठडी दिली.

तो काल परत आला. पिवळा पडलाय, भिंतीला धरून चालतो. त्याच्या गादीवर डाग बघितला मी. ताई, तो "एकजण" वेल्डर आहे. ते माझं दुखणं कधीच नव्हतं. आता साहेबांना कळलं तर कळू दे. पण साहेब तरी काय करणार, तो स्वतः तक्रार देत नाही. जवळच्या नातेवाइकाचा अर्ज आला तरच सक्ती करता येते, आणि त्याच्यासाठी अर्ज करायला बाहेर कोणी नाही.

मी म्हटलं, तुझं नाव पुकारू दे, मी तुझ्या शेजारी उभा राहतो. कोणी हसला तर त्याला बघून घेतो. त्यावर तो म्हणाला, "म्हणूनच नाही जात. तू कोणाला तरी बघून घेशील आणि तुझी सुनावणी बुडेल. आधी तू घरी जा. मग मी जातो डॉक्टरकडे." त्याला वाटतं तो माझ्यावर उपकार करतोय.

धाकटा

१० मे

धाकट्या,

चुकले. दुसरा शब्द नाही. माझ्या अर्जाने तुला त्या ढिगावर पाडलं. मी खूप रडले, पण त्याचा तुला काय उपयोग.

आता ऐक. तुझी सुनावणी झाल्यावर जातो म्हणजे जून. मग डॉक्टर चिठ्ठी देणार, मग इस्पितळाची तारीख, म्हणजे पावसाळा संपला. त्याच्याजवळ तेवढा वेळ नाही. डाळीचा वाटाणा झाला, आता तो कशाएवढा आहे ते त्याला विचार. रोग मांडीच्या सांध्यात पसरला की मग आम्ही नुसतं दुखणं कमी करतो, बाकी काही नाही.

त्याच्या पाया पड, त्याला शिव्या दे, काय वाट्टेल ते कर, पण त्याला खऱ्या इस्पितळाच्या डॉक्टरसमोर ने.

ताई

१७ मे

कैदी क्रमांक व नाव नोंदीप्रमाणे,
त्यांच्या भगिनी यांस,

कळविण्यात येते की, दिनांक १५ मे रोजी आपल्या बंधूंनी लॉन्ड्री विभागात एका सहकैद्यावर हल्ला करून त्याच्या उजव्या हाताचे हाड दोन ठिकाणी मोडले. जखमीस बाहेरील मोठ्या इस्पितळात हलविण्यात आले आहे. आपल्या बंधूंची सुनावणी रद्द झाली असून त्यांना एकांतकोठडीत ठेवले आहे. एक महिना त्यांना पत्र व भेट मिळणार नाही.

बाई, इथून खाली मी माझं स्वतःचं लिहितो. तुमची सगळी पत्रं मीच वाचतो. एकांतकोठडीतून पत्र पाठवायची परवानगी नसते, तरी त्याने लिहिलेला कागद याच पाकिटात घातला आहे. जखमी हाडांच्या वॉर्डात आहे. मी यापेक्षा जास्त काही करू शकत नाही. चड्ड्या सहाच होत्या.

पत्रतपासणी अधिकारी

(सोबतचा कागद)

ताई,

डावा हात नीट लिहीत नाही, उजव्याच्या बोटांवर हवालदार उभा राहिला होता. थोडक्यात लिहितो.

मी त्याच्या पाया पडलो. शिव्या दिल्या. तो हसला. मग मी विचार केला की इथून तक्रारवाला माणूस उशिरा जातो आणि मोडलेला ताबडतोब.

कपडे पिळायच्या मशीनला लोखंडी झाकण आहे, दोघांनी उचलावं लागतं. त्याने आत हात घातला होता. मी झाकण सोडलं. एकदा आपटलं तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला, पण हात सरळच दिसत होता. नुसतं बांधून परत पाठवतील असं वाटलं. म्हणून मी ते, कुठून बळ आलं कोण जाणे, एकट्याने पुन्हा उचललं आणि पुन्हा आपटलं. दुसऱ्यांदा मी त्याच्याकडे बघत होतो. तो ओरडला नाही, ताई. पांढराफटक पडला आणि म्हणाला, "गाढवा, तुझी सुनावणी." मग खाली कोसळला.

माझ्यावर पाच हवालदार तुटून पडले. दोन बरगड्या गेल्या असाव्यात. ते जाऊ दे. तो तिथेही तोंड उघडणार नाही, मी त्याला ओळखतो. हात जोडून घेईल आणि परत येईल. तू जा. तू नर्स आहेस, तुला आत सोडतील. त्यांना सांग, खाली बघा.

आईला काय सांगायचं ते तूच ठरव.

धाकटा

२० जून

धाकट्या,

महिना संपला, आता हे पत्र तुला देतील. तुझा कागद मिळाला त्याच दिवशी मी निघाले होते. बस, मग दुसरी बस.

तुझा वेल्डर हाडांच्या वॉर्डात दाराजवळच्या खाटेवर होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा पाय बेडीने खाटेला बांधलेला, शेजारी पेंगणारा शिपाई. मी माझ्या गणवेशात होते. मी कोण ते सांगितलं तर त्याने भिंतीकडे तोंड केलं. अर्धा तास मी गोड बोलले. तो म्हणाला, "हात मोडलाय, बाई. बाकी काही नाही. जा घरी." मग माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कानशिलात मारली. बेडीतल्या, प्लास्टरमधल्या रुग्णाला. बारा वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता मी वॉर्डात. शिपाई दचकून उठला. मी म्हटलं, "माझ्या आईचं शेवटचं वर्ष माझ्या भावाने तुझ्या हातावर आपटलं. ते तू वाया घालवलंस तर मी तुझा दुसरा हातही मोडीन." आणि तो डोंगराएवढा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. मग कुशीवर वळला आणि म्हणाला, "बोलवा कोणाला बोलवायचं त्याला."

तुकडा तपासून आला. जे नाव मी लिहिलं नव्हतं तेच आहे. पण गाठ अजून तिथेच आहे, सांध्यापर्यंत पोचलेली नाही. कापायची गरज नाही म्हणतात, किरणं आणि औषधं देणार, सहा आठवडे. डॉक्टर मोठी सावध बाई आहे, पण ती म्हणाली की अशातले बहुतेक बरे होतात. किरणांनी तिथली कातडी भाजल्यासारखी होईल, खूप त्रास होईल. मी त्याला ते सांगून ठेवलंय. साबण लावू नकोस हेही सांगितलंय.

उपचाराला घरच्या माणसाची सही लागते. तो म्हणाला, कोणी नाही. मी केली. नातं विचारलं तिथे "बहीण" लिहिलं. आता मला दोन भाऊ आहेत आणि दोघेही तुरुंगातले, माझं नशीबच मोठं.

तुझ्यावर मी रागावले आहे. तुला शाबासकी हवी असेल तर मिळणार नाही. "काय वाट्टेल ते कर" असं मीच लिहिलं होतं, म्हणून स्वतःवरही रागावले आहे. तुझ्याकडे कोणावर प्रेम करायची एकच रीत आहे का रे, कोणाचं तरी हाड मोडायची? आणि तरी खरं सांगते, त्या खोलीत डॉक्टर "बरे होतात" म्हणाली तेव्हा मला आनंद झाला, आणि तो आनंद झाल्याचा संताप आला. घरी परत येताना बसमध्ये मी दोन्ही एकदम करत होते.

आईला मी तीन आठवडे खोटं सांगितलं. तारीख पुढे गेली, साहेब रजेवर आहेत. काल ती मागच्या खोलीच्या दारात खुर्चीवर बसली होती. मला म्हणाली, "आता खरं सांग, मला जिने उतरवत नाहीत, अक्कल आहे अजून." मी सगळं सांगितलं. खाजेपासून झाकणापर्यंत. मी म्हटलं, "आई, तो दोन वर्षं येत नाही." मग म्हणाली, "मग मलाच जायला हवं."

मी म्हटलं, तू तर म्हणालीस त्या कपड्यात बघणार नाही. म्हणाली, "कपडे कोण बघतंय."

खालच्या मजल्यावरचे दोघे आणि माझ्या इस्पितळातले दोन वॉर्डबॉय रविवारी तिला खुर्चीत बसवून चार जिने उतरवणार आहेत. डॉक्टरने नको म्हटलं. तिने डॉक्टरला गप्प केलं. भेटीच्या खोलीत जाळीच्या डाव्या कोपऱ्यात बस म्हणते, तिला त्या डोळ्याने नीट दिसतं.

साहेब, परवानगीचा अर्ज सोबत आहे. खुर्ची आत येईल एवढं दार उघडं ठेवा.

धाकट्या, दाढी करून ये.

ताई